पाणी, साबण आणि उन्हात वाळलेले कापड

अलीकडे वस्तीतल्या लहान दुकानातही वेट वाइप्सची पाकिटे आणि सुटे डायपर टांगलेले दिसतात. मॉलमध्ये, हॉटेलात, मोठ्या कंपन्यांत कामाला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना तिथल्या संडासात टॉयलेट पेपरचा रोल रोज दिसतो. मग घरात प्रश्न निघतो, पाण्याने धुणे ही जुनी, गरिबाघरची रीत झाली का? कागद जास्त स्वच्छ असतो का? बाळाला आणि अंथरुणावरच्या म्हाताऱ्या माणसाला पुसायला वाइप्सच आणायला हव्यात का?

उत्तर सरळ आहे. शौचानंतरच्या स्वच्छतेसाठी पाणी कागदापेक्षा कमी नाही, उलट चांगले आहे. मात्र पाण्याची स्वच्छता साबणाने हात धुतल्यावरच पूर्ण होते. अंग पुसायचे कापड वापरत असाल, तर ते धुऊन उन्हात वाळवल्यावरच ते कापड स्वच्छ म्हणायचे. या महिन्याच्या पाठात आपण हेच नीट समजून घेऊ.

पाणी का पुरते?

हाताला शेण लागले तर आपण ते कागदाने पुसून जेवायला बसत नाही, धुतो. मळ चिकट असतो. कोरडा कागद वरचा थर काढतो, उरलेला त्वचेवर पसरवतो. पाणी तो सोडवून वाहून नेते. मूळव्याध किंवा शौचाच्या जागी चीर पडलेली असेल, तर कागद घासल्याने आग होते, रक्त येते. अशा वेळी पाणीच सोसवते. डॉक्टरसुद्धा अशा रुग्णाला टबात कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटे बसायला सांगतात.

धुताना तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

एक, पुढून मागे धुवावे. बाई-माणसांनी आणि मुलींनी तर नेहमीच. मागून पुढे हात आला तर शौचातले जंतू लघवीच्या जागी पोहोचतात आणि लघवीला जळजळ, वारंवार लघवी, ताप असा त्रास सुरू होतो. मुलीला स्वतःचे स्वतः धुवायला शिकवताना पहिल्याच दिवशी हे सांगावे.

दोन, त्या जागी रोज कडक साबण किंवा जंतुनाशक औषध लावण्याची गरज नसते. साधे पाणी पुरते. जास्त साबणाने तिथली त्वचा कोरडी पडते आणि खाज सुटते.

तीन, धुतल्यावर जागा कोरडी करावी. ओल्या अंगावर घट्ट चड्डी चढवून दिवसभर काम केले की जांघेत गजकर्ण होते. आज वस्तीवस्तीत गजकर्णाचे रुग्ण आहेत. एका घरात एकाला झाले की एकाच टॉवेलमुळे ते सगळ्यांना होते.

हात धुतल्याशिवाय काम अर्धेच

पाण्याने धुणाऱ्या माणसाचा हात मळाला लागतो, हे मान्य केले पाहिजे. म्हणून साबण हवाच. नुसत्या पाण्याने हात खळखळून घेतले तर वास जातो, पण जंतू आणि जंतांची अंडी नखांत राहतात. तोच हात पीठ मळतो, बाळाला घास भरवतो.

साबणाने काय फरक पडतो, याचा एक मोठा अभ्यास कराचीच्या झोपडपट्ट्यांत झाला आणि २००५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ज्या घरांना साबण दिला आणि हात कधी, कसे धुवायचे ते घरी जाऊन शिकवले, त्या घरांत पंधरा वर्षांखालील मुलांचे जुलाब ५३ टक्क्यांनी कमी झाले. पाच वर्षांखालील बालकांचा न्यूमोनिया ५० टक्क्यांनी कमी झाला. ती घरे आपल्यासारखीच दाटीवाटीची होती. महत्त्वाची गोष्ट अशी, की साधा साबण आणि ‘जंतुनाशक’ म्हणून विकला जाणारा साबण यांच्या परिणामात फरक दिसला नाही. महागडी वडी घेण्याची गरज नाही.

पद्धत अशी ठेवावी. टमरेल किंवा मग उजव्या हातात धरावा, धुण्याचे काम डाव्या हाताने करावे. बाहेर आल्यावर दोन्ही हातांना साबण लावून तळवे, हातांची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या आणि नखे वीस सेकंद चोळावीत. नखे दर आठवड्याला कापावीत. मगाचा दांडा रोज साबणाने धुवावा, कारण सगळ्या घराचे हात त्याला लागतात. सार्वजनिक संडासात जाताना साबणाचा तुकडा जुन्या जाळीच्या पिशवीत घालून टमरेललाच बांधावा, म्हणजे तो विसरत नाही आणि ओला राहून विरघळतही नाही. साबण मुळीच नसेल तर चुलीतली स्वच्छ राख चालते. माती वापरू नये, तिच्यात जंतांची अंडी असू शकतात.

पाणी कमी असेल तर

नळाला दिवसाआड पाणी, टँकरची रांग, हंड्याला पैसे, ही आपल्या वस्त्यांची खरी अडचण आहे. पण अंग धुवायला फार पाणी लागत नाही. धार नेमकी पडली तर अर्धा लिटर पुरते. प्लास्टिकच्या बाटलीच्या झाकणाला तापलेल्या सुईने चार-पाच भोके पाडावीत. बाटली उलटी धरून दाबली की जोरदार बारीक धार येते आणि मगापेक्षा कमी पाण्यात काम होते. लहान मुलांना आणि गुडघे दुखणाऱ्या वृद्धांनाही ही बाटली सोपी जाते. बाटलीवर खूण करून ती संडासातच ठेवावी, पिण्याच्या बाटल्यांत मिसळू देऊ नये.

कपडे विसळलेले पाणी संडासात ओतायला वापरावे, अंग धुवायला मात्र स्वच्छ पाणीच घ्यावे. संडासासाठी भरून ठेवलेले पिंप झाकावे आणि आठवड्यातून एकदा रिकामे करून घासून कोरडे करावे. डेंग्यूचा डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो.

पुसायचे कापड

धुतल्यानंतर अंग कोरडे करायला कागद लागत नाही. जुन्या सुती साडीचे, धोतराचे किंवा बनियनचे हातरुमालाएवढे तुकडे करावेत. नायलॉन किंवा पॉलिस्टर पाणी टिपत नाही, ते घेऊ नये. प्रत्येकाला तीन तुकडे द्यावेत आणि कडेला वेगवेगळ्या रंगाचा दोरा घालावा. लाल आईचा, निळा थोरल्याचा, असे ठरले की अदलाबदल होत नाही.

हे कापड आधी पाण्याने धुतलेले अंग टिपण्यासाठी आहे, मळ पुसण्यासाठी नाही. म्हणून ते फारसे घाण होत नाही. तरीही रोज बदलावे आणि साबणाने धुऊन उन्हात वाळवावे. पुष्कळ घरांत असे कापड आणि पाळीचे कापड लाजेखातर दुसऱ्या कपड्याखाली वाळत घालतात. तिथे ऊन पोहोचत नाही, वारा लागत नाही आणि कापड दमट राहते. दमट कापडात बुरशी वाढते. दोरीवर कापड दिसले म्हणून कुणाची अब्रू जात नाही. पावसाळ्यात वाळतच नसेल तर शेवटी इस्त्री फिरवावी.

घरात कुणाला जुलाब लागले असतील, तर त्याचे कापड वेगळे ठेवून धुतल्यावर दहा मिनिटे पाण्यात उकळावे. रात्री मुलाच्या शौचाच्या जागी खाज येत असेल तर बारीक पांढरे सूतकृमी असण्याची शक्यता असते. त्यांची अंडी कापडावर आणि चादरीवर दोन-तीन आठवडे टिकतात. अशा वेळी औषध एकट्या मुलाला देऊन भागत नाही. डॉक्टरांना विचारून घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी घ्यावे, दोन आठवड्यांनी पुन्हा घ्यावे आणि चादरी, चड्ड्या गरम पाण्याने धुवाव्यात.

बाळाचे लंगोट

‘बाळाची शी घाण नसते’ असे आजी म्हणते. मायेने म्हणते, पण ते खरे नाही. बाळाच्या शीमध्येही जुलाबाचे जंतू असतात. ती गटारात, उकिरड्यावर किंवा मोरीत न टाकता संडासातच टाकावी. मग लंगोट थंड पाण्यात विसळावा आणि तेही पाणी संडासातच ओतावे. त्यानंतर साबण लावून धुवावा, चांगला खळबळून साबण काढावा आणि उन्हात टाकावा. साबण राहिला तर बाळाला पुरळ उठते. हे काम भांडी घासायच्या किंवा पिण्याचे पाणी भरायच्या जागी करू नये.

डायपरचा हिशेब घरी एकदा मांडून पाहावा. एक डायपर दहा रुपयांचा धरला आणि दिवसाला पाच लागले, तर महिन्याला दीड हजार रुपये होतात. दोन जुन्या सुती साड्यांतून वीस-पंचवीस लंगोट निघतात आणि पुढच्या बाळालाही चालतात. बाळाला पुसायला वाइप्सऐवजी कोमट पाण्यात बुडवून पिळलेले मऊ कापड पुरते.

पण यात एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. लंगोट धुण्याचे काम आजवर आईच्याच माथी आहे. सकाळी चार घरची धुणी-भांडी करून येणारी बाई पुन्हा घरी वीस लंगोट धुते. तिने डायपर घेतला तर तिला दोष देऊ नये. लंगोट वापरायचे ठरवले तर वडिलांनी, आजोबांनी, थोरल्या मुलानेही धुवायचे, हे त्याच दिवशी ठरावे. ते जमत नसेल तर दिवसा लंगोट आणि रात्री किंवा प्रवासात डायपर, असा मधला मार्ग काढावा. ओला डायपर तासन् तास ठेवू नये आणि शी झाली की लगेच बदलावा.

अंथरुणाला खिळलेले माणूस

पक्षाघात झालेले वडील, मांडी मोडलेली आजी, यांची शी-लघवी काढणे हे घरातले सर्वांत अवघड काम आहे. पैसे असतील तेव्हा मोठ्यांचे डायपर येतात, नसतील तेव्हा हाल होतात. कापडावरही हे नीट करता येते.

अंथरुणावर आधी मेणकापड घालावे, त्यावर जुन्या सुती साडीची चार पदरी घडी. असे पाच-सहा संच तयार ठेवावेत. स्वच्छ करताना पडदा ओढावा आणि ‘बाबा, आता पुसून घेते हं’ असे सांगून मगच हात लावावा. माणूस आजारी असला तरी त्याला लाज असते. हातात मोजा किंवा स्वच्छ प्लास्टिकची पिशवी घालावी. माणसाला कुशीवर वळवून मळ आधी कापडाने काढावा. मग कोमट पाण्यात बुडवलेल्या कापडाने पुढून मागे पुसावे आणि शेवटी कोरड्या कापडाने टिपावे, घासू नये. त्वचेवर व्हॅसलीनचा पातळ हात फिरवावा, म्हणजे ओल थेट लागत नाही.

ओल आणि दाब एकत्र आले की पाठीला जखमा होतात. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी. रोज माकडहाड, नितंब आणि टाचा पाहाव्यात. लाल झालेली जागा बोटाने दाबून पाहावी. दाबूनही लाली फिकी पडत नसेल तर ती जखमेची पहिली खूण आहे. त्या बाजूवर झोपवू नये आणि आशाताईंना किंवा डॉक्टरांना दाखवावे.

संडासच्या भांड्यात काय टाकतो?

संडासात शी, लघवी आणि पाणी एवढेच जावे. टॉयलेट पेपर पाण्यात विरघळेल असा बनवलेला असतो, तरी जास्त प्रमाणात आणि कमी पाण्यात तोही अडतो. वेट वाइप्समध्ये पुष्कळदा प्लास्टिकचे धागे असतात, त्या विरघळत नाहीत. डायपर आणि पॅडमधली पावडर पाणी शोषून फुगते आणि पाइपात बूच बसते. गुटख्याची पुडी, केसांचा गुंता, फाटके कापड यांचेही तसेच. दोन खड्ड्यांच्या संडासात हे गेले तर खड्डा लवकर भरतो आणि पुढे खत काढताना प्लास्टिकच हाती येते.

तुंबलेली टाकी, तुंबलेले गटार मोकळे करायला कुणाला तरी बोलावले जाते. तो माणूस कोणत्या समाजाचा असतो, हे आपल्याला सांगायला नको. बंद टाकीत विषारी वायू साठलेला असतो. पहिला माणूस आत कोसळतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही परत येत नाही. हाताने मैला काढण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला. सुरक्षा साधने न देता कुणालाही गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हा कायदा नगरपालिकेला लागू आहे तसाच खासगी टाकीच्या मालकालाही. गटारात मृत्यू आलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला आणि २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. पण पैशाने माणूस परत येत नाही. आपण भांड्यात टाकलेली एक वाइप आपल्याच एखाद्या भावाला त्या झाकणापाशी नेते, एवढे घरातल्या मुलांनाही कळावे. डायपर आणि पॅड कागदात घट्ट गुंडाळून, वर लाल खूण करून वेगळे द्यावेत, म्हणजे कचरा वेचणाऱ्या ताईचा हात त्यात जात नाही.

विनयातील शिकवण

शौचाची स्वच्छता हा विषय हलका समजून आपण बोलायचे टाळतो. तथागतांनी टाळला नाही. विनयपिटकातील चुल्लवग्गात शौचकुटी कशी वापरावी याचे नियम आहेत. ब्राह्मण कुळातून आलेला एक भिक्खू शौचानंतर धूत नसे, त्या घाणीला हात कोण लावील, असे तो म्हणे. शेवटी त्या जागी किडे झाले. तेव्हा भगवंतांनी नियम घालून दिला, की पाणी असताना शौचानंतर धुतल्याशिवाय राहू नये. स्वतःच्या शरीराची घाण साफ करण्यात कमीपणा नाही, हा त्याचा अर्थ.

त्या काळी पुसायला लाकडाची काडी वापरत. ती खरखरीत नसावी आणि वापरल्यावर शौचाच्या खड्ड्यात टाकू नये, असाही नियम आहे. काड्यांसाठी वेगळे भांडे असे, ते भरले तर ज्याला दिसेल त्याने रिकामे करावे. पाण्याचा घडा रिकामा दिसला तर भरावा. कुटी घाण दिसली तर धुवावी. आणि शौचकुटीत ज्येष्ठ-कनिष्ठ असा भेद नाही, जो आधी आला तो आधी जाईल. सातव्या शतकात नालंदेत राहून गेलेल्या इत्सिंग या चिनी भिक्खूने भारतातील विहारांत शौचानंतर पाण्याने धुण्याची आणि मग मातीने हात घासण्याची रीत लिहून ठेवली आहे. तेव्हा माती होती, आज साबण आहे.

घरी आजपासून

१. संडासाजवळ साबण कायम ठेवा, संपण्याआधी नवा आणा.
२. प्रत्येकाचे कापड वेगळे, रोज धुतलेले, उन्हात वाळलेले असू द्या.
३. बाळाची शी संडासातच टाका.
४. लंगोट आणि आजारी माणसाचे कपडे धुण्याची पाळी लावा, तीत पुरुषांची नावे लिहा.
५. वाइप, डायपर, पॅड, पुड्या संडासात टाकू नका.
६. संडास घासताना ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

शौचातून रक्त पडणे, तीन दिवसांहून जास्त जुलाब, ताप, लघवीला जळजळ यांपैकी काही असेल तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, आरोग्य केंद्रात जा. लहान मुलाला जुलाब लागताच ओआरएस सुरू करा आणि अंगावरचे दूध चालू ठेवा. मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले किंवा पाणीही पोटात ठरेना, तर लगेच दवाखाना गाठा.

येत्या रविवारी विहारात हा पाठ मोठ्याने वाचावा. वाचून झाल्यावर वस्तीच्या सार्वजनिक संडासात पाण्याचे पिंप कोण भरतो, साबण कोण ठेवतो आणि पॅड-डायपरसाठी झाकणाचा डबा आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरे वहीत लिहावीत. ज्या प्रश्नाला उत्तर मिळणार नाही, त्या कामासाठी त्याच बैठकीत नाव ठरवावे.